व्हिडिओतला चुना खानदेशच्या मातीला कशाला?

जळगाव/धुळे : परसबागेतली वांगी पिवळी पडली की हल्ली आधी मोबाईल उघडला जातो. घरच्या घरी मातीचा सामू, म्हणजे पीएच, तपासायचे व्हिडिओ ढीगभर सापडतात. तपासायला हरकत काहीच नाही. घोळ होतो तो पुढच्या सल्ल्यात. 'मातीत चुना टाका' हा सल्ला कोकणासारख्या जास्त पावसाच्या, आम्लधर्मी जमिनीसाठी आहे. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची काळी माती मुळात चुनखडीची. तिचा सामू बऱ्याच ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो. अशा मातीत चुना म्हणजे दुखण्यावर उलटं औषध.

७ म्हणजे मध्यम. त्याच्या खाली आम्ल, वर विम्ल. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू वाढला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजावी. तिथं युरिया वाढवून पैसे जातात, पान पिवळंच राहतं.

मातीवर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर चुनखडी आहे एवढंच कळतं, सामूचा आकडा कळत नाही. फेस नाही आला म्हणून माती आम्ल ठरत नाही. त्यापेक्षा पीएचची पट्टी बरी. पण पाणी बोअरचं घेतलं तर चूक होते. ज्या पाण्याने पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, ठिबकची छिद्रं बुजतात, ते पाणी स्वतःच विम्ल असतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं. एक भाग माती, अडीच भाग पाणी ढवळून अर्धा तास ठेवावं, मग वरच्या निवळीत पट्टी बुडवावी.

एवढं करूनही तो अंदाजच. पट्टीला क्षार कळत नाहीत. जमीन खारवट की चोपण, हे कळल्याशिवाय जिप्समच्या गोण्या आणू नयेत.

केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून आहे. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून १२ बाबी तपासतात. मात्र योजनेच्या आखणीत बागायतीला अडीच हेक्टरमागे एक नमुना, कोरडवाहूला दहा हेक्टरमागे एक. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजारच्या वावरातली असू शकते. केळीसारख्या खर्चिक पिकासाठी स्वतःचा नमुना स्वतः द्यावा.

बांध, उकिरडा, झाडाची सावली सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल 'व्ही' आकाराचा खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या कडेची माती खुरप्याने वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळी एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये.

परसबागेतल्या चार वाफ्यांना पट्टी आणि कुजलेलं शेणखत पुरतं. वावरात पैसा ओतायचा असेल तर आधी प्रयोगशाळेचा कागद हातात असावा.