परिचारिका व्हायचे आहे?

मोठेपणी कोण होणार, असे विचारले की तुमच्यापैकी कितीतरी जण 'डॉक्टर' असे सांगतात. 'परिचारिका' हे उत्तर क्वचितच ऐकू येते. एखाद्या मुलीने ते दिलेच, तर घरातले म्हणतात, "त्यात शिकायचे काय? नुसती सेवाच तर करायची!" मला हे म्हणणे पटत नाही.

डॉक्टर रुग्णाला तपासतात, औषध लिहून देतात. पण रात्रभर रुग्णाकडे लक्ष कोण ठेवते? परिचारिका! ती वेळेवर औषध देते, नाडी व रक्तदाब पाहते, सलाईन नीट चालले आहे ना, हे तपासते. रुग्णाला धाप लागली, तर ते बहुधा तिच्याच ध्यानात प्रथम येते. औषधाचे प्रमाण चुकले, तर जीवही जाऊ शकतो. असे काम शिकल्याशिवाय कसे जमेल? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे ओळखले होते. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १८६० साली त्यांच्या प्रयत्नाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा सुरू झाली.

आपल्याकडे या शिक्षणाच्या तीन मुख्य वाटा आहेत. तिन्ही बारावीनंतर सुरू होतात. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. तो पूर्ण केलेल्या परिचारिका खेड्यांत लसीकरणाचे आणि माता-बालकांच्या आरोग्याचे काम करतात. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा आहे. कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही तो करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. ही पदवी मुलगेही घेऊ शकतात.

म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच विचार करा. जीवशास्त्र सोडले, तर थेट पदवीची वाट बंद होते. तरीही निराश होऊ नका. जी.एन.एम. झाल्यावर आणखी दोन वर्षे शिकून पदवी मिळवता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा जाहिरातींना भुलू नका. शिक्षण संपल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर ती नोंदणी होत नाही. अशा वेळी आईवडिलांनी कष्टाने जमवलेली फी वाया जाते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासा.

"आम्ही उर्दू शाळेतले, आम्हांला हे जमेल का?" असे तुम्ही विचाराल. का नाही जमणार? इंग्रजीची तयारी आजपासून करा आणि मराठीचा तासही मनापासून ऐका. खेड्यातून आलेली आजी आपले दुखणे मराठीतच सांगणार. 'दवाखाना' आणि 'जखम' हे शब्द तर तुमच्या उर्दूतही आहेत! जिला उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा येतात, ती परिचारिका दुप्पट रुग्णांना धीर देऊ शकेल.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले आणि मनात असेल, तर संकोच न करता सांगा, "मला परिचारिका व्हायचे आहे."