समोर बसलेल्याचा वाटा

चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. ज्या व्यक्तीला तासन्‌तास समोर बसवून ते चित्र साकारले, तिचे नाव बहुधा कोठेच नसते. कलेच्या इतिहासात ‘मॉडेल’ या शब्दाखाली अशी असंख्य माणसे गाडली गेली आहेत. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लेखक एक तर प्रेमप्रकरणाच्या चवीने लिहितात, नाही तर शोषणाच्या तक्रारीने. दोन्हींत तथ्य नाही असे नाही. परंतु समोर बसणारी व्यक्ती त्या चित्रात स्वतःचे काय घालते, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो. वैद्यकीय व्यवसायातील आपणा मंडळींना तो पडावयास हवा, कारण आपल्याही समोर रोज माणसे बसतात, अंगावरील वस्त्र बाजूला सारतात आणि आपण त्यांच्याकडे ‘पाहतो’.

अमेरिकेच्या मेन राज्यातील कशिंग या सागरकाठच्या गावातील क्रिस्टिना ओल्सन आणि चित्रकार अँड्र्यू वायथ यांच्या संबंधाकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९३९ च्या जुलैत, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा असलेला वायथ बेट्सी जेम्स या तरुणीस प्रथम भेटला. पुढे त्याची पत्नी झालेल्या या बेट्सीनेच त्याला ओल्सन कुटुंबाच्या जुनाट लाकडी घरी नेले. क्रिस्टिना तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढची होती. ती आणि तिचा भाऊ आल्व्हारो, दोघेही अविवाहित, त्या घरात राहत. क्रिस्टिनाला पायांवर उभे राहता येत नसे. चाकांची खुर्ची तिला मान्य नव्हती. हातांच्या जोरावर शरीर ओढीत ती घरात आणि घराबाहेरच्या शेतातही वावरे, स्वयंपाक करी. वायथला या घराच्या माडीवरची खोली चित्रे काढण्यासाठी मिळाली आणि पुढली जवळजवळ तीस वर्षे, उन्हाळ्यामागून उन्हाळे, तो तेथे येत राहिला. एके दिवशी माडीच्या खिडकीतून त्याला शेतातून सरपटत चाललेली क्रिस्टिना दिसली आणि त्या दृश्यातून १९४८ साली ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’ हे चित्र निर्माण झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते दुसऱ्याच वर्षी १८०० डॉलरना विकत घेतले. आज त्या संग्रहालयातील अत्यंत लोकप्रिय चित्रांत त्याची गणना होते.

चित्र बहुतेकांनी छापील स्वरूपात कोठे ना कोठे पाहिलेले असते. वाळलेल्या गवताचे विस्तीर्ण माळरान, दूर टेकडीवर करडे घर, आणि अग्रभागी फिकट गुलाबी पोशाखातील पाठमोरी स्त्री, हातांवर भार देऊन घराकडे वळलेली. अंड्याच्या बलकात रंग कालवून केलेल्या टेंपेरा पद्धतीमुळे गवताची पात न्‌ पात वेगळी दिसते. प्रथम पाहणाऱ्याला ती एखादी तरुण मुलगी गवतात विसावलेली वाटते. नंतर नजर हातांवर जाते आणि काही तरी बिनसले असल्याचे जाणवते. दंड काड्यांसारखे कृश, कोपराखालचा भाग आणखी झिजलेला, बोटे आखडलेली. वैद्याची नजर तेथून हलत नाही.

हे हात क्रिस्टिनाचे आहेत. धड मात्र तिचे नाही. संपूर्ण देहाकरिता तिला तशा अवघडलेल्या अवस्थेत बसवणे वायथला प्रशस्त वाटले नाही. म्हणून धडासाठी त्याने आपल्या पत्नीस बसविले. परिणामी पंचावन्न वर्षांच्या प्रौढेचे हात आणि पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या तरुणीची पाठ अशी ती आकृती तयार झाली. समीक्षकांनी या संकराचे कौतुक केले आहे. मला ते मान्य नाही. चित्रकाराचा संकोच मला समजतो, त्यात सौजन्य आहे हेही खरे. पण त्या सौजन्याची किंमत क्रिस्टिनाच्या वयाने चुकती केली. तरुण पाठीमुळे पाहणाऱ्याच्या मनात हळहळ उत्पन्न होते, आणि पंचावन्न वर्षे याच शरीरानिशी संसार चालविलेली हट्टी, तापट, करारी बाई नजरेआड होते. त्यापेक्षा त्याच चित्रकाराने १९५२ मध्ये रंगविलेले ‘मिस ओल्सन’ मला कितीतरी अधिक मोलाचे वाटते. त्यात ती मांजराचे पिल्लू जवळ घेऊन बसली आहे. चेहरा वयस्क आहे, राठ आहे, आणि तो पूर्णपणे तिचा आहे. हे चित्र काढावयास आणखी चार वर्षांचा सहवास लागला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. क्रिस्टिनाला पोलिओ झाला होता असे चित्राविषयीच्या लेखनात वर्षानुवर्षे छापले गेले. २०१६ साली मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऐतिहासिक व्यक्तींच्या आजारांवर जी वार्षिक परिषद भरते, तीत मेयो क्लिनिकचे बालमज्जाविकारतज्ज्ञ डॉ. मार्क पॅटरसन यांनी या समजुतीस हरकत घेतली आणि शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराचे निदान सुचविले. युक्तिवाद साधा आहे आणि आपल्या निवासी विद्यार्थ्यांना शिकविण्याजोगा आहे. पोलिओ एकाएकी येतो, ताप येऊन अंगाचा एखादा भाग लुळा पडतो, आणि त्यानंतर बहुधा दुर्बलता आहे तेथेच थांबते. संवेदना शाबूत राहते. क्रिस्टिनाची कथा याच्या उलट आहे. अगदी लहानपणी ती पावलांच्या बाहेरच्या कडांवर भार देऊन चालत असे. तोल जाणे वाढत गेले, तारुण्यात चालणे दुष्कर झाले, पुढे हातही क्षीण झाले. पायांपासून सुरू होऊन हातांकडे येणारी, दशकानुदशके कणाकणाने वाढणारी ही दुर्बलता परिघीय मज्जातंतूंच्या विकाराकडे बोट दाखविते. फ्रान्समध्ये शार्को व मारी यांनी आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी या विकाराचे वर्णन १८८६ मध्येच केले होते. म्हणजे क्रिस्टिनाचा जन्म होण्याच्या सात वर्षे आधी. तरीही तिच्या हयातीत कोणी ते नाव तिच्यापुढे ठेवले नाही.

निदानाच्या अशा खेळावर काही कलारसिक रागावतात. चित्राला रोगाचे लेबल लावले की चित्र मरते, असे त्यांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही. उलट, पॅटरसन यांच्या निदानाला त्या रंगविलेल्या हातांतून जो दुजोरा मिळतो, तो वायथच्या दृष्टीची साक्ष आहे. त्याला मज्जातंतूंचे काहीही ज्ञान नव्हते. परंतु एका माणसाला इतकी वर्षे जवळून पाहिल्यावर, कोणता स्नायू उरला आहे आणि कोणता गेला आहे, हे त्याच्या कुंचल्याला ठाऊक झाले होते. बाह्यरुग्ण विभागात चार मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या आपणांस त्याचा हेवा वाटावा! अर्थात येथे डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. चित्रकारावर बरे करण्याची जबाबदारी नसते. ‘खुर्ची वापरा’ असे त्याला सांगावे लागत नाही, आणि रुग्णाने नकार दिल्यास ‘असहकार’ असा शेरा मारण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. त्याच्या निर्भेळ पाहण्याला ही मोकळीक कारणीभूत आहे, हे विसरून त्याला संत ठरविण्यात अर्थ नाही. याच वायथने पुढे १९७१ ते १९८५ या काळात हेल्गा टेस्टॉर्फ या शेजारणीला समोर बसवून सुमारे २४० चित्रे-रेखाटने केली, जगापासून लपवून ठेवली, आणि १९८६ मध्ये ती उघडकीस येताच अमेरिकेच्या वृत्तसाप्ताहिकांना महिनाभराचे खाद्य मिळाले. असो.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला क्रिस्टिनापेक्षाही अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण पॅरिसचे आहे. एदगार देगा याने मारी व्हान गोतेम या ऑपेरातील नृत्यविद्यार्थिनीवरून मेणाचा पुतळा घडविला. ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’ हेच त्याचे नाव. मुलीचे नाव त्यात नाही. खरे केस, खरी चोळी, खरा झगा घालून, काचेच्या पेटीत ठेवून त्याने तो १८८१ च्या प्रदर्शनात मांडला. त्याच प्रदर्शनात त्याने गुन्हेगारांच्या चेहऱ्यांचा अभ्यास म्हणून काढलेली चित्रेही होती. चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसाचे चारित्र्य ओळखता येते, या तत्कालीन ‘शास्त्रा’ची छाया पुतळ्यावर पडली. समीक्षकांनी त्या मुलीच्या कपाळात आणि हनुवटीत दुर्गुण वाचले. तिची जागा शरीरशास्त्राच्या संग्रहालयात आहे, अशा अर्थाचेही लिहिले गेले. पुढल्याच वर्षी ऑपेराने मारीला कामावरून काढले. पुतळ्याच्या ब्राँझ प्रती मात्र आज जगभरातील संग्रहालयांत दिमाखाने उभ्या आहेत. ज्या मुलीला स्वतःविषयी काही म्हणण्याची मुभाच नव्हती, तिच्याविषयी सर्वांनी सर्व काही म्हणून घेतले. आणि त्या बोलण्याला परिभाषा पुरविली ती आपल्यासारख्यांच्या विद्येने.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून एक रुग्णालय उभे राहिले आणि एक कलाशाळाही. एकीकडे गरीब माणसे वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर झोपतात, दुसरीकडे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसतात. आमच्या वडोदऱ्यातही १९४९ साली स्थापन झालेल्या सयाजीराव विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय महाविद्यालय आणि ललितकला विद्याशाखा दोन्ही आली. इंदूरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे यांनी येथेच चित्रकारांची पिढी घडविली. दोन्ही विद्यांचे विद्यार्थी जिवंत देहावरूनच शिकतात. चित्रकलेच्या वर्गात बसणाऱ्या स्त्रीविषयी रवी जाधव यांनी ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट केला. २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला गेला तेव्हा वादळ उठले, आणि २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्या वादात हिरिरीने मते मांडली. परंतु वर्गात बसणाऱ्या त्या स्त्रीला निदान मोबदला ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते, आणि तेथे फोटो काढण्यास बंदी असावी ही अपेक्षा सर्वांना रास्त वाटते. शिकाऊ डॉक्टरांच्या गराड्यात खाटेवर बसलेल्या रुग्णाला यांपैकी काय मिळते?

माझा रोख मोबाईलवर काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांकडे आहे. पूर्वी पाठ्यपुस्तकात रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी छापली जाई. त्या पट्टीचा हेतू चांगला होता. तिने माणूस पुसला जाई आणि रोग तेवढा उरे, हा भाग वेगळा. आता पट्टीही गेली. दुर्मिळ लक्षण असलेले मूल आले की फोन निघतो, ‘निदान काय?’ अशा प्रश्नासह चेहरा व्हॉट्सअ‍ॅपच्या पाच गटांत पोचतो आणि तेथून कोठे जातो ते कोणासही सांगता येत नाही. वडोदऱ्यासारख्या, सारे मराठी समाजबांधव एकमेकांस ओळखणाऱ्या वस्तीत तो मुलाच्या आत्याच्या फोनवरही येऊ शकतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून वैद्यकीय वा अन्य नियतकालिकात प्रसिद्ध करणे गैरवर्तन ठरविले आहे. नियम नियतकालिकांपुरता लिहिला गेला. त्याचा आशय मात्र गटांनाही लागू होतो असे मी मानतो.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, की शिकण्याशिकविण्यासाठी छायाचित्रे लागतातच. ते खरे आहे. दुरून मिळालेल्या सल्ल्याने मुलांचे प्राण वाचतात हेही खरे. मग ते चित्र ज्या एका तज्ज्ञाला हवे त्याला पाठवावे, शंभर जणांना कशाला? दुसरा आक्षेप असा, की आईवडील नाही म्हणतच नाहीत. तेच तर दुखणे आहे. उपचार ज्याच्या हाती त्याला नाही म्हणण्याची हिंमत किती जणांना होईल? आणि मूल आठ-नऊ वर्षांचे असेल तर त्याला विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेलीच नाही. शर्ट वर करण्यापूर्वी आणि फोन पुढे करण्यापूर्वी मुलाला ‘चालेल का?’ असे विचारले, तर बहुतेक मुले मान हलवितात. काही ठाम नकार देतात. तो नकार लहान आहे म्हणून ओलांडू नये.

क्रिस्टिना ओल्सनने चित्रकाराला आपल्या घराची माडी दिली, आपले हात दिले, पुढे चेहराही दिला. १९६७ च्या डिसेंबरात आल्व्हारो वारला आणि महिनाभरातच तीही गेली. त्यानंतर त्या घरातील वायथचे काम थांबले. २००९ मध्ये तो स्वतः निवर्तला, तेव्हा त्याला कशिंगमध्ये त्या भावंडांच्या जवळच पुरण्यात आले.

आपल्या मंडळाच्या मासिक बैठकीत दर वेळी दोन-तीन रुग्णांची छायाचित्रे पडद्यावर दाखविली जातात. त्या प्रत्येक चित्राआधी, अनुमती कोणी दिली, कोणत्या भाषेत विचारले आणि मुलाला स्वतःला विचारले होते का, हे सादर करणाऱ्याने सांगावे, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.