दप्तराची किल्ली कोणापाशीं?

सरकारी दप्तर सरकारच्या मालकीचें कीं रयतेच्या, हा प्रश्न कोणास पोरकट वाटेल; पण आमच्या मतें लोकराज्याची परीक्षा याच प्रश्नांत आहे. परकें राज्य असतांना पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागदांचा प्रचंड संग्रह दीर्घकाळ बहुतेक बंदच राहिला. रियासतकार सरदेसाई यांनीं संपादिलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून बाहेर पडूं लागले, तेव्हां कोठें त्या भांडाराची कल्पना लोकांस आली. परक्या सत्तेस प्रजेचें कुतूहल धोक्याचें वाटावें, हें आम्ही समजूं शकतों. परंतु १९४७ नंतर अडचणीचें कारण कोणतें?

कोणी म्हणेल, आतां दारें उघडीं आहेत. खरें आहे, पण आंतली वाट ठाऊक नसेल तर उघड्या दाराचा उपयोग काय? पुराभिलेखागारांत कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या खात्यानें ते निर्माण केले त्याच्या नांवाखालीं, त्याच्याच क्रमानें ते राहतात. ही पद्धत शास्त्रशुद्धच आहे, कारण कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदांवरून कळतो. मात्र मुंबई इलाख्यांतील जुन्या पोलिसांचा कागद हवा असेल, तर न्यायखात्याचे खंड चाळावे लागतात. म्हणजे शोधणारास कागदाआधीं राज्यकारभाराचा इतिहास पाठ हवा! कोणतें काम कोणत्या सालीं कोणत्या खात्याकडे होतें, खातें मोडल्यावर त्याचें दप्तर कोठें गेलें, हें खेड्यांतून आलेल्या मनुष्यानें कोणास विचारावें?

हा केवळ संशोधकांचा छंद नव्हे. २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां कचेऱ्यांतील जुनीं दप्तरें उघडावीं लागलीं आणि मोडी वाचणारे धुंडाळावे लागले. पणजोबाच्या नांवापुढील एका शब्दावर पणतवाच्या सवलतीचा हक्क अवलंबून राहिला.

कायदा याविषयीं मुका नाहीं. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यानें १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीं जीर्ण होऊन निरुपयोगी झाल्याखेरीज, नष्ट करण्यास मनाई केली असून बेकायदा नाशाबद्दल पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख कायदाही २००५ चा आहे. त्याच सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचें चवथें कलम तर प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपले अभिलेख सूचिबद्ध व अनुक्रमित ठेवावे, अशी आज्ञा करतें. तेव्हां सूची ही मेहेरबानी नव्हे. तें कर्तव्य आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खात्याचा जन्म, नामांतर, विभागणी व शेवट यांची सालवार हकीकत आणि त्याचे खंड कोठें आहेत याची नोंद देणारी मार्गदर्शिका सरकारनें सोप्या मराठींत प्रसिद्ध करून तालुक्यातालुक्यास पोंचवावी. मोडीचे जाणकार आंदोलन पेटल्यावर शोधण्याऐवजीं कायमचे नेमावे. आमच्या वाचकांसही सांगणें आहे कीं, कारकुनापुढें हात जोडण्यापेक्षां सूची मागावी आणि ती नसल्यास कां नाहीं तें लेखी विचारावें. जपून ठेवलेला कागद सांपडणारच नसेल, तर तो ठेवला काय आणि जाळला काय, रयतेस दोन्ही सारखेंच!