शाल, श्रीफळ आणि बॉयलर

दिवाळीला ताईकडे गेले होते. फराळ चालू असतानाच भाच्याने जाहीर केले की, त्याने आणि त्याच्या सात मित्रमैत्रिणींनी मिळून कॉलेजात एक अभियांत्रिकी मंडळ काढले आहे. दर महिन्याला बाहेरचा एक पाहुणा बोलवायचा आणि त्याचे व्याख्यान ठेवायचे. भावोजींनी चकलीचा तुकडा मोडत शांतपणे विचारले, "आणि अभ्यास कोण करणार? तो पाहुणा?"

भावोजींचे अगदीच चुकले असे म्हणता येईना. ते शाळेत शिक्षक आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले आणि चिरंजीवांच्या डोक्यावर गणिताची केटी. अशा वेळी मुलाने सतरंज्या उचलण्याचा नि माईक जोडण्याचा उद्योग मागे लावून घेतला, तर कोणत्या बापाला आनंद होईल? ताईने नेहमीप्रमाणे विषय बदलला. पण हात धुवायला उठले तेव्हा भाचा मागोमाग आला. "मावशी, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत. एखादा मोठा माणूस मिळवून दे ना."

त्याचे कॉलेज ऊसपट्ट्यातले. पुण्या-मुंबईहून तिथे जायचे म्हणजे पाहुण्याचा अख्खा दिवस मोडतो. तरी मी खटपट केली आणि एका कंपनीतले व्यवस्थापक यायला तयार झाले.

व्याख्यानाला सभागृह भरले, कारण त्या दिवशी हजेरी तिथेच घेतली. आधी दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचे मनोगत. पत्रकारितेच्या नोकरीत अशा किती सभा मी बसून काढल्या आहेत! पाहुणे माईकपाशी पोहोचले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. मग त्यांनी यशाची सूत्रे सांगितली, कंपनीची चित्रफीत दाखवली आणि मोठी स्वप्ने पाहा म्हणाले. प्रश्नोत्तरांच्या वेळी एकच हात वर झाला. "सर, तुमच्या कंपनीच्या कॅम्पस मुलाखती कधी असतात?"

जानेवारीतल्या दुसऱ्या व्याख्यानाला हजेरी नव्हती. श्रोते अकरा. त्यातले आठ मंडळाचेच.

कॉफी हाऊसमधली पोरे

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. त्याला बरे वाटावे म्हणून मी एक जुनी हकिगत सांगितली. २ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफी हाऊसमध्ये काही तरुण मंडळी जमली. हेन्री रॉबिन्सन पामर हा त्यांतला पुढाकार घेणारा, तोही विशीतलाच. तेव्हा इंजिनीअर व्हायचे म्हणजे कुणा थोराच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि गुरूला जेवढे येते तेवढेच शिष्याला मिळायचे. एकमेकांच्या कामावर बोलावे, शिकावे, एवढ्यासाठी या मुलांनी संस्था काढली. पहिली दोन वर्षे ती जेमतेम तग धरून होती. मग १८२० मध्ये त्यांनी रस्ते, कालवे नि पूल बांधणाऱ्या नामवंत थॉमस टेलफर्डला अध्यक्ष होण्याची गळ घातली आणि तो हो म्हणाला. त्यानंतर तिला बाळसे धरले. १८२८ मध्ये राजाची सनद मिळाली. 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्स' म्हणून ती आजही चालू आहे आणि तिथे आजही व्याख्याने होतात.

"म्हणजे आम्हालाही टेलफर्डच पाहिजे," भाचा म्हणाला. पोराने माझ्या गोष्टीतून नेमका माझ्याच विरुद्धचा मुद्दा काढला!

मी म्हटले, "अरे, पण टेलफर्ड पुस्तकातून आला नव्हता. तो आधी पाथरवट होता. मेंढपाळाचा मुलगा. ज्याने स्वतःच्या हाताने काही बांधलंय, बिघडवलंय, दुरुस्त केलंय, असा माणूस शोध. तो गावात असला तरी चालेल."

हे बोलणे सोपे होते. मी ते बोलून विसरूनही गेले. पण तिसऱ्या व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी ठरलेल्या पाहुण्यांनी येत नसल्याचे कळवले. प्राचार्यांची परवानगी झालेली, फलक लागलेले. मंडळाची मुले कँटीनमध्ये डोक्याला हात लावून बसली. तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझे बाबा येतील. पण ते इंजिनीअर नाहीत."

तीन वर्षे ती यांच्या वर्गात होती. वडील काय करतात असे कुणी विचारले की, "साखर कारखान्यात आहेत," एवढेच सांगायची. ते बॉयलर अटेंडंट होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. शिक्षण नववीपर्यंत. पुढे काम करता करता सरकारी परीक्षा देऊन त्यांनी अटेंडंटचे प्रमाणपत्र मिळवले होते. मंडळातल्या दोघांनी तोंड वाकडे केले. "इंजिनीअरिंगच्या मुलांना अटेंडंट शिकवणार?" हे तिच्यासमोरच. ती उठून गेली नाही, एवढेच माझ्या भाच्याने मला सांगितले. बाकी ती गोष्ट सांगताना तो खाली बघत होता, कारण त्या दोघांतला एक तोच.

काचेत पाणी दिसत नाही

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेले. श्रोते तीसेक असतील. वेळच नव्हता म्हणून दीपप्रज्वलन राहिले, आणि त्याने कुणाचे काही बिघडले नाही. गृहस्थांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. हातात कापडी पिशवी. माईक त्यांनी बाजूला सारला.

पिशवीतून त्यांनी मूठभर बगॅस काढले. बगॅस म्हणजे रस काढून उरलेले उसाचे चिपाड. पहिल्या रांगेतल्या मुलाच्या हातात देऊन म्हणाले, "दाबा. किती पाणी असंल यात?" मुलाने दाबले. हात जवळजवळ कोरडाच. दहा टक्के, कुणी म्हणाले वीस. "निम्मं," ते म्हणाले. मुलांचा विश्वास बसेना.

मग त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते. तेच बॉयलरचे जळण. त्याची वाफ टर्बाईन फिरवते आणि त्यातून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवला जातो. म्हणजे ऊसच उसाला शिजवतो. पण गिरणीवाल्यांना चिपाडातली शेवटची साखरही हवी असते. ते शेवटच्या गिरण्यांवर पाणी मारतात, म्हणजे साखर धुऊन निघते. पाणी जास्त मारले की साखर जास्त मिळते खरी, पण ते पाणी पुढे आटवायला वाफ जास्त लागते आणि इकडे बगॅस ओले आले तर वाफेचा दाब पडतो. "गिरणीवाला आणि बॉयलरवाला यांचं भांडण हंगामभर चालतं," ते म्हणाले. "दोघंही बरोबर असतात." तेवढ्यात मागच्या बाकावर प्राध्यापक वही काढताना मी पाहिले.

नंतर त्यांनी बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी बाहेर काढली. "आता ऐका. रात्रपाळी आहे. तुम्ही काचेकडं बघितलं, तर पाणी दिसत नाही. काय कराल?"

पाच-सहा जण एकदम म्हणाले, "पाणी सोडू."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि मग तुमच्या घरी फोन कोण करणार?"

सभागृहात चिडीचूप. त्यांनी समजावले. पाणी खाली गेले असेल, तर नळ्या उघड्या पडून लाल झालेल्या असतात. त्यांवर गार पाणी गेले की क्षणात प्रचंड वाफ होते, धातू तडकतो, बॉयलर फुटू शकतो. म्हणून आधी आग तोडायची, बगॅस बंद करायचे. पाण्याला हात लावायचा नाही. आणि ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक पाळीला काच धुऊन, म्हणजे तिचे पाणी सोडून आणि पुन्हा भरून, ती खरे बोलते की नाही हे तपासायचे. "नळीचं तोंड तुंबलं असलं तर काच खोटं बोलते. मी नवीन असताना एका रात्री मला बोलली होती," असे म्हणून त्यांनी ती सगळी रात्र सांगितली. स्वतःची चूकसुद्धा.

प्रश्नोत्तरे सव्वा तास चालली. बस चुकेल म्हणून त्यांनाच शेवटी उठावे लागले. मुलगी पूर्ण वेळ दारापाशी उभी होती. आभार मानायला तिलाच पुढे ढकलले, तर तिला 'बाबा' म्हणावे की 'पाहुणे' ते सुचेना. ती "धन्यवाद" म्हणून खाली बसली.

आता मंडळ काढू पाहणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. आठ-दहा जण पुरतात, मात्र त्यांत दुसऱ्या वर्षाचे निम्मे तरी हवेत. नाहीतर शेवटच्या वर्षाची मुले गेली की कपाटाची किल्लीसुद्धा सापडत नाही. प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या. पाहुण्यांचा प्रवासखर्च पहिल्याच फोनवर विचारा. निवृत्त माणूस स्वतःहून पैशांचे बोलत नाही आणि पदरमोड करतो. विषय 'उद्योगजगतातील आव्हाने' असा ठेवू नका. 'तुमच्या हातून झालेली एक चूक आणि तुम्ही ती कशी निस्तरली' असे विचारा. व्याख्यानाची टिपणे एका वहीत उतरवून ठेवा. आणि पुढच्या वेळी ऐकणारे तीसच आले तर तीसच येऊ द्या. हजेरी घेऊन सभागृह भरण्याचा सोस मला तरी कधीच पटला नाही.

पालकांची भीती मात्र बोलून जाणारी नाही. भावोजींनी अट घातली आहे, मे महिन्यात केटी सुटली नाही तर अध्यक्षपद सोडायचे. मला ती रास्त वाटते. भाच्यालाही वाटत असावी, कारण सध्या व्याख्यानाची पत्रे तो स्वतः लिहीत नाही, ती मुलगी लिहिते.

पुढच्या महिन्यात गावच्या पाणीपुरवठा केंद्रावरचे ऑपरेटर बोलणार आहेत. त्यांनी शाल नको म्हणून आधीच सांगितले आहे. त्यांची अट एकच. व्याख्यान पंपाजवळच होईल, आणि येताना मुलांनी चपला नाही, बूट घालून यायचे.