आधी रडू तं द्या!

आमच्या गोंदियाकडे दिवाळीच्या सुमारास कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडलेल्या असतात. वर्षाची मेहनत उघड्यावर! नेमका तेव्हाच पाऊस आला की काय होतं, ते धानवाल्या घरातल्या बाईलाच विचारा.

आमच्या चर्चमधल्या एका बाईच्या कडपा अशाच दोन दिवस पाण्यात राहिल्या. दाण्याला कोंब फुटले. त्याच आठवड्यात माझ्या घरी प्रार्थनासभा होती. बोलता बोलता ती रडायला लागली, तर एक जण लगेच म्हणाल्या, ''रडू नको गं, देवाचे उपकार मान. त्याची काही योजना असेल.''

ती डोळे पुसत म्हणाली, ''मानीन जी. पण मले आधी रडू तं द्या!''

सगळ्या गप्प. मला मात्र वाटलं, हिला बायबल आमच्यापेक्षा जास्त कळलंय.

उपकारस्तुती हा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा रोजचा शब्द. पौलाने थेस्सलनीकाकरांना सांगितलं ते सर्व परिस्थितीत आभार मानायला; प्रत्येक परिस्थितीबद्दल नव्हे. फरक एवढासाच, पण केवढा! कुजलेल्या धानाबद्दल देवाला थँक्यू म्हणायचं नाहीये. धान कुजलं तरी त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही. स्तोत्रसंहितेत तर गाऱ्हाणं आणि स्तुती शेजारी शेजारी बसतात. पण बायकांना 'समाधान मान' सांगणं फार सोपं असतं, नाही का? नवरा पितो, मजुरी अर्धीच मिळते... उपकार मान! ही श्रद्धा नाही, तोंड बंद करणं आहे.

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. पुढे भाऊ, आणि १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात आल्या. आपला आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्याच प्रांतातल्या भंडाऱ्यात होता. उपाशी, निराधार मुलींना त्या सोबत घेऊन गेल्या, केडगावला त्यांच्यासाठी घर उभं राहिलं. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून तर आल्या. आपण वाचलो, याचे उपकार त्यांनी असे फेडले.

आणि चांगले दिवस? तेव्हा तर आपण आणखी कच्च्या! धान चांगलं पिकलं की हिशेब गिरणीचा, व्यापाऱ्याचा, पोरीच्या लग्नाचा. चर्चमध्ये पहिल्या पिकाचं सूप न्यायचं, तेही मी एका वर्षी घाईत दुकानातले तांदूळ भरून नेलं होतं. कुणाला कळलं नाही, मला मात्र अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी ती बाई सकाळीच दारात. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता. मी लिहून दिला. सही केली, पदर सावरला आणि पिशवीतून वालाच्या शेंगा काढून माझ्या ओट्यावर ठेवल्या.

''परसातला वेल वाचला जी,'' म्हणाली.