शितावरून भाताची परीक्षा

लोकशाहीत मतभेद असावेत, पण आमच्या शाखेतल्या संगणकांत आहेत तितके नसावेत. एका टेबलावरची पीडीएफ दुसऱ्या टेबलावर उघडत नाही. पासबुक छापणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर इकडे नवा, तिकडे आजोबांच्या वयाचा. विंडोज तेवढी वेळच्या वेळी ताजी होते. बाकी तिऱ्हाईत कंपन्यांची सॉफ्टवेअरे ज्याची त्याने सांभाळायची, म्हणजे कोणीच सांभाळायची नाहीत.

"चालतंय ना? मग हात लावू नका!" हे आमच्या हेडकॅशियरांचे तत्त्वज्ञान. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भोक बुजवले. ज्यांनी हात लावला नाही, त्यांच्याकडे मे महिन्यात वॉनाक्राय शिरला. जूनमध्ये नॉटपेट्यानेही तेच भोक वापरले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. तेव्हा सगळ्यांची अपडेटे एका जागेवरून सांभाळावीत, याच मताचा मी आहे.

पण एका जागेवरून म्हणजे एकाच क्षणी नव्हे, हे साहेबांना कोण सांगणार? सकाळी साडेदहाला तिकडे बटण दाबले की इकडे भंडाऱ्यात पाचही काउंटरवर चक्र गरगरू लागते. धानाचे पैसे जमा झालेले, पवनी-लाखांदूरची माणसे एसटीने येऊन रांगेत उभी. "बाबू, पैसे बी अपडेट होऊन रायले का?" असे एका काकाजींनी विचारले. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात याचे उत्तर नव्हते.

बरे, नॉटपेट्या मुळात आला तोच युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचे सदोष अपडेट सुटले, तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. ७८ मिनिटांत ते मागे घेतले. तोवर जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. (कारकुनी अक्षराला इतका मान पुन्हा कधी मिळणार?) टप्प्याटप्प्याने सोडायची अक्कल त्या कंपनीलाही मग आली.

धानाच्या जिल्ह्यात शितावरून भाताची परीक्षा घरोघर होते. मग अपडेटाचेही एक शीत आधी मुख्य कार्यालयात दाबून पाहा. दोन दिवस थांबा, मग चार शाखा, मग बाकीच्या. तेही संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर. पहिला संगणक परिपत्रके काढणाऱ्या साहेबांचा असावा. तो बंद पडला, तर चार दिवस परिपत्रक तरी येणार नाही.