कोंबडी मेल्यावर काठी कशाला?

पाळलेल्या कुत्र्याने घरचीच कोंबडी मारली की आपल्याकडे प्रथम काठी शोधली जाते. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या नाकाशी नेऊन त्याला झोडपले की खोड मोडते, असा समज आहे. माझ्या मते हा मार निव्वळ वाया जातो. अंडी विकून वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या घराला एका कोंबडीचे नुकसानही जाणवते, हे खरे. परंतु रागाने पुढची कोंबडी वाचत नाही.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग, झडप, चावा आणि शेवटी खाणे, अशी शिकारी प्राण्याच्या वर्तनाची साखळी असते. माणसाने पैदास करताना तिच्या काही कड्या बळकट केल्या, काही दुबळ्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीत पाठलाग टिकला, चावा बराच मंदावला. पुष्कळ घरगुती कुत्र्यांत मात्र पाठलागाची कडी शाबूत असते आणि तिला भुकेची गरज लागत नाही. म्हणून तर पोटभर भाकरी खाल्लेला कुत्राही फडफडत पळणाऱ्या कोंबडीमागे धावतो आणि पुष्कळदा तिला मारून तशीच टाकून देतो.

तासाभराने पडलेल्या माराचा संबंध कुत्रा त्या कोंबडीशी जोडू शकत नाही. ‘पण तो मान खाली घालतो ना!’ असे कोणी म्हणेल. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे दिसतो, असे आढळले; कुत्र्याने आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग कुत्रा सुधारतच नाही काय? साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानू लागते. ऑस्ट्रेलियात वॉर्नंबूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांमुळे २००५ पर्यंत पेंग्विन दहाच्याही खाली आले होते. २००६ मध्ये तेथे मरेम्मा जातीचे राखणदार कुत्रे नेले आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढली. ही कल्पना एका कोंबडीपालकाची होती. त्याच्या कोंबड्या हेच कुत्रे राखीत! मात्र या जातीची पैदासच शतकानुशतके राखणीसाठी झालेली आहे. आपले पिल्लू कोंबड्यांत वाढले तरी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

तेव्हा खर्च करायचा तो खुराड्यावर. कोंबड्यांसाठी मिळणारी पातळ षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण दांडगा कुत्रा ती फाडतो. जाड तारेची जाळी घ्यावी. कुत्रा खालून उकरतो, म्हणून ती वीतभर जमिनीत गाडून बाहेरून दगड रचावेत. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या त्या वेळी कुत्रा बांधलेला असावा. आणि दिवेलागणीपूर्वी कोंबड्या मोजून दार लावावे, कारण मंद उजेडात कोंबडीला नीट दिसत नाही, कुत्र्याला दिसते.